इतवाऱ्याचं रडनं

चांदा
ता. १२ जानेवारी १९८७

एकदाबी नाई? महिना झाला तुह्या घरी येऊन, आन एकदाबी रडला नाई मनतेस?

मंग चांगलंच झालं ना वं रुखमा. कुत्रा रडत नाई म्हून कोनी नाराज होते का? तुह्या कारडावर वर जयभीम नाई, मी कशी हाय ते नाई, मधात एकच ओळ. "कुत्रा एकदाही रडला नाही, मग धाडला कशाला?" खाली तुहं नाव, आन बाकी सारं कारड कोरं. चौथीत माह्या पाटीवरून चोरून चोरून पाटीभर लिवत होतीस तवा बरी अक्षरं निंगत होती. तुह्या भावासंग लगन करून मी तुही वहिनी झाली, तवापासून तू माह्यावर रुसलेलीच हाय मना.

पन लिवलंस. तुहा भाऊ गेल्यावर पाच महिन्यानं का होईना, लिवलंस. डाकवाल्यानं कारड देल्लं तं मी दारात उभ्यानं वाचलं, मंग सयपाकखोलीत वाचलं, मंग जिथी कोनी मागं येत नाई त्या खोलीत बसून वाचलं. इथी ते खोलीबी घरातच हाय, सयपाकखोलीच्या भितीले लागून. इकडं फोडनीचा वास, तिकडं तो. हास आता.

कशाला धाडला इचारतेस, तं सांगते.

तिसरा मजला हाय. दोन खोल्या आन समोर एक ग्यालरी, आपल्या गावच्या गोठ्याएवढीबी नाई. इतवाऱ्याले तू लहानपनापासून पाहिला. मूल गावच्या इतवारच्या बाजारातून तुह्या भावानं त्याले कोटाच्या खिशात घालून आनला, म्हून इतवाऱ्या. तुहा भाऊ एक कोस चालला तं हा चार कोस चाले. पुढं पळून पाहून ये, वापस ये, मागं जाय, पुन्हा पुढं. धानाच्या बांध्या, बांबूचं रान, तेंदूपत्त्याचा फड, सारं त्याच्या पायाखालचं. त्याले हरिदासनं दोन खोल्यात आनून ठेवला. आईले एकटं वाटू नोको म्हून आनला, पोराचा जीव हाय, त्याले नाव नाई ठेवत. पन तो करन काय? ग्यालरीतून दारालोक, दारातून ग्यालरीलोक. फरशी गुळगुळीत, वळताना चारी पाय निसटून कपाटावर आपटे. सकाळी पावर हाऊसवाले वाफ सोडत तवा भडाभडा आवाज होते, तं हा दिवानखाली घुसून तासभर थरथरे. एक दिवस कावळ्यामागं ग्यालरीच्या कठड्यावरून निंगालाच होता. सूनबाईनं मागची तंगडी धरली म्हून वाचला. कमला शाळेत मास्तरीन हाय ना, पोट्टे धराची आदत हाय तिले.

गादी फाडली. दाराची फळी खालून नखानं खरवडून पांढरी केली. खालच्या मजल्यावरचे भैयाजी, हरिदासच्याच आफिसातले, त्याइची कातडी चप्पल खाल्ली. एकच खाल्ली. भैयाजी दुसरी हातात घेऊन वर आले आन मले मने, "बाई, हे आता कोनाले देऊ?" मी मनलं, "ठेवा भैयाजी, त्याले सांजच्याले लागन." तवापासून ते माह्यासंग बोलत नाई.

आन लोकं मनत का रडते. अकरा वाजता हरिदास आन कमला कामावर गेले का चालू होते मने, चार वाजेलोक. भैयाजीच्या घरी म्हातारी माय हाय, तिले झोप नाई. शेवटी तिघं जनं मिळून हरिदासकडे आले. कालनीत राहाचं तं लोकाइचं आयकावं लागते. असं हाय सारं. म्हून धाडला. तुह्या भावाचा कुत्रा तुह्या दाराशी पोचला, यात वाईट काय झालं?

जवाई बापूरावजीले जयभीम सांगजो. त्याइच्या मिशा अजून तशाच हाय का इतवाऱ्यानं त्याबी खाल्ल्या, ते लिवजो.

बायना

चांदा
ता. ३० जानेवारी १९८७

जेवत नाई तं तू त्याच्याकडे पाहून राह्यली असशीन. पाहू नोको. भात वाढ, वरून पातळ वरन टाक, आन त्याच्याकडे पाठ करून बस. तुहा भाऊ बांधावर डबा सोडे तवा हा त्याच्या पाठीले पाठ लावून बसे. दोघंबी तिकडं तोंड करून जेवत, भांडन झालेल्या नवरा-बायकोवानी. मी किती डाव मनलं, "तुमचं दोघाइचं लगन लावून देते, मले मोकळी करा."

दोर खाल्ला मनतेस. मंग बांधला काऊन? त्याले बांधू नोको वं. बांधला का त्याचा जीव घाबरा होते. बापूरावजीच्या सायकलमागं वडस्यालोक गेला, भर बाजारात त्याइच्या धोतराले चिकटून उभा राह्यला, लोकं हासले, हे सारं मी दोन डाव वाचलं. बापूरावजीले सांग का राग नोको धरा. तुहा भाऊ गेल्यापासून त्याले कोनी नजरेआड झालेलं चालत नाई. इथी हरिदास खाली दूध आनाले गेला तरी दारावर नखं. वापस आला का त्याच्या पायाभवती येढे घाले, जसा का तो लढाईवरून आला. त्याले वाटते, जे मानूस दाराभाईर गेलं ते गेलं. आता त्याले हे कोन समजावन का सारेच तसे जात नाई.

त्याले काम दे. सकाळी बैल सोडले का त्याइच्यासंग धाड. लाखोरीच्या शेतात डुक्कर येतात ना, तिथी राहू दे दिवसभर. संध्याकाळी थकून आला का कोपऱ्यात मुटकुळं करून झोपन. थकला नाई तं घर खाईन. त्याच्यात अधलंमधलं नाई.

आता तुह्या चौथ्या ओळीचं. ते मी सोडून देनार होती, पन तू पेनानं एवढं दाबून लिवलं का मागच्या बाजूनंबी वाचता येते. "माझ्या भावाच्या मौतीला तू हासलीस. साऱ्या गावानं पाहिलं."

हासली. खोटं नाई बोलत.

तू बसनं येऊन पोचली त्याच्या थोडं आंधीचं तुले मालूम नाई. मानसं तिरडी बांधत होते. तुहा भाऊ केवढा उंच. पाय एक हात भाईर आले. लच्छू मने बांबू लांब आना, दुसरा मने आता कुठी जाता बांबू पाहाले, गुडघे वाकवा. मुडद्याजवळ त्याइचं भांडन लागलं. मी भितीले टेकून बसली होती. माह्या तोंडातून निंगालं, "राहू द्या बावाजी. तीस वर्सं खाटेभाईर पाय काढून झोपला, आता एका दिवसासाठी त्याची आदत नोका मोडू." लच्छू हासला. मंग मीबी हासली. आन तवाच तू आंगनात पाय ठेवला.

तू दोन्ही हात पुढं करून आली. नणंद-भावजय गळ्यात पडून रडतात तशी आली. आन मी हात खाली ठेवले. तुह्या हातात मी आलीच नाई. तू एकटीच हेल काढला, आन मी तुह्याजवळ लाकडावानी उभी राह्यली. डोळ्यात पानी नाई. तू मनलीस, "दगडाची हाय हे," आन माह्यासंग बोलनं सोडलं. पुण्यानुमोदनालेबी नाई आली.

तुहं बरोबर हाय. काऊन हात खाली ठेवले ते इचारू नोको.

भातावर वरन पातळ टाकजो. घट्ट झालं का तो खात नाई, नखरे हाय त्याले.

बायना

चांदा
ता. १६ फेब्रुवारी १९८७

हासू का नोको? तू रागानं लिवलं, आन मी एवढी हासली का कमला सयपाकखोलीतून पळत आली, तिले वाटलं मले फिट आली.

पुन्हा एकडाव सांग. नाटक तुह्या गावचं. कंपनी वडस्याहून बलावली, मांडव बापूरावजीनं घातला, बापूरावजी मनजे त्या दिवशी गावचे राजे. इतवाऱ्या पुढं सतरंजीवर बसला, दोन अंक शानं होऊन पाहिले. तिसऱ्या अंकात हिरोइनीचा नवरा मेला. तिनं हेल काढला, "मले सोडून कसे गेले वो धनीऽऽ," आन हा टुनकन स्टेजवर. सरळ गेला तो रंगवलेल्या दाराकडे. पडद्यावर काढलेलं दार ते! त्याले नखं मार मार मारले, पडदा खालून वरलोक फाटला. मंग वापस येऊन तिच्या पायावर बसला. मंग पुन्हा दाराकडे. मंग पुन्हा पायावर. ते बिचारी घाबरून खरीखुरी रडाले लागली, तसा हा आनखी येडा झाला. आन मेलेला नवरा उठून पळाला!

अवं, तो नवरा पळाला तिथी तं मले पदर तोंडात कोंबावा लागला.

बापूरावजीची इज्जत गेली, मले समजते. पडदा शिवून देजो. पन हिरोइनले त्यानं चावलं नाई ना? ओरबाडलं नाई ना? पायावर बसला फक्त. मंग?

सोमारी म्हातारीनं मांडवात उभी राहून जे मनलं, ते तू माह्यापर्यंत कशाले आनलंस? "याले रडन्याची ओळख हाय. हा मौतीच्या घरून आला. रडनारा कुत्रा हाय, ज्याच्या दारात रडन त्याचं मानूस नेईन." ते म्हातारी आपल्या गावी राहे, मी नवी नवरी होती, तवाबी तशीच बोले. माही काळी कोंबडी पाहून मने का गावात देवी येईन. आली का देवी? कोंबडी आमी खाल्ली, ते बरीक चांगली होती. तुह्या भितीवर बाबासाहेबाचा फोटो हाय, त्याच्याखाली बसून तू सोमारीचं आयकतेस?

तू इचारलंस, "चांद्याला तो रडायचा तेव्हा तू घरीच असशील ना? लोक म्हणत ते नको सांगू. कसा रडायचा ते तू सांग. इथं तर गावची सारी कुत्री भेसूर ओरडतात तेव्हासुद्धा हा तोंड उघडत नाही."

रुखमा, माह्या कानाले आता कमी आयकू येते. वय झालं. इथी पंखा चालू असते, नळाचं पानी चालू असते, पावर हाऊसचा आवाज तं दिवसरात. कोनतं काय ते समजत नाई.

आता दुपारची घरात बिलकुल शांतता हाय. कमला दार लावून जाते, मी ग्यालरीत बसते. चिमनीची काळी राख पडते कठड्यावर, ते फडक्यानं पुसते. थोड्या टायमानं पुन्हा पडते, पुन्हा पुसते. दाराची फळी हरिदासनं रंगवून घेतली. नखाचे ओरखडे बुजले नाई, रंगाखालून दिसतात. मी हात लावून पाहते कधी कधी.

लाखोरीत जाते का तो? लिवजो.

बायना

चांदा
ता. २४ फेब्रुवारी १९८७

जयभीम. कारड घाईनं लिवते.

बापूरावजीले ताप हे वाचलं, तशीच लिवाले बसली. थंडी वाजून येते, मंग घाम फुटते, एक दिवस सोडून एक दिवस, असंच हाय ना? तो हिवताप हाय. तुह्या भावालेबी तोच होता, आन आमी चार दिवस काढे पाजत बसलो. ते करू नोको. हिवतापाचा बाबू काचेवर बोटाचं रक्त घ्याले फिरते, त्याले घरी बलाव. तो देते त्या गोळ्या साऱ्या खाऊ घाल. कडू हाय मनतीन, थुकतीन, तरी घाल. ताप उतरला म्हून मधात सोडू नोको.

ताप मच्छरानं येते. कुत्र्यानं नाई येत. सोमारीले घरात घेऊ नोको.

बायना

चांदा
ता. ३ मार्च १९८७

रुखमा,

तुहं पत्र काल सांजेले आलं. हे मी डाकेत नाई टाकत. हरिदासच्या वळखीचा डायवर वडस्याच्या बसवर जाते, त्याच्या हातात देते. तुह्या गावच्या फाट्यावर चहाच्या टपरीत ठेवन. बुधवारी तुले भेटलं पायजे. शुक्रवारच्या आंधी भेटलं पायजे.

मी सवता काऊन नाई आली? तं आली असती. पिशवी भरून ठेवली होती. पन तोंडानं मले हे सांगता येनार नाई. तोंड उघडलं का माह्यातून मस्करीच निंगते, तुले मालूम हाय. आन मले पाहून तू दार लावलं तं? कागद हाय तं वाचशीन तरी.

तू लिवलंस का ताप तिसऱ्यांदा आला. सोमारीचा पोरगा आन आनखी एक जन शुक्रवारी येतीन, इतवाऱ्याले वैनगंगेच्या रेतीत नेतीन, आन काठीनं संपवतीन. बापूरावजी तापात नाई मनत होते. तू हो मनलंस. तू लिवलंस, "मी मानत नाही, पण भाऊ गेला, आता नवराही जाऊ देऊ का? तुझ्याच घरच्या लोकांनी सांगितलं की तो दिवसभर रडत होता."

मी रागावली नाई. तुह्या जागी मी असती तं मीबी कोनाचंबी आयकलं असतं. गोळ्या चालू हाय ना? तिसऱ्यांदा येते कधी कधी, घाबरू नोको. गोळ्या सोडल्या असतीन मधात. खरं सांग, सोडल्या ना? पुन्हा पहिल्यापासून चालू कर.

आता आयक. माह्या हाताले पेन धराची आदत राह्यली नाई, अक्षर वाकडं येईन, पन पूर्न वाच.

तुहा भाऊ धानाच्या रोवन्यातून तापून आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तुले मालूमच हाय तो कसा होता. गावात कोनाची मौत झाली का हा आंधी जाय. बायाइले सांगे, बांगड्या फोडू नोका, उर बडवू नोका, हेल काढू नोका, हे जुनं आता आपलं नाई, शांततेनं त्रिशरण मना. लोकं आयकत. काही मागून शिव्याबी देत. त्या दिवशी घाम आल्यावर त्याले जरा बरं वाटलं, तं मले मने, "बायना, माहं काई झालं तं तुहा आवाज आंगनात आला नाई पायजे. लोकं मनतीन, मुखरू साऱ्याइले शिकवे आन त्याच्याच घरी पाहा."

मी मनलं, "आंधी मर तं खरा. भरवसा नाई तुहा."

तो हासला. रुखमा, तो हासला आन मंग खोकला आला. दोन दिवसानं गेला.

मी शब्द देल्ला नाई. फक्त मस्करी केली. पन तो गेल्यावर ते मस्करीच माह्या गळ्यात शब्दावानी अटकली. आंगनात सारं गाव पाहून राह्यलं होतं का मुखरूची बायको काय करते. म्हून मी भितीले टेकून बसली, म्हून पायाची गोष्ट बोलली, म्हून हासली. आन तू हात पुढं करून आली. तुह्या आंगाले त्याच्याच आंगाचा वास होता, घरचा. तुह्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं तं माहा आवाज मूललोक गेला असता. म्हून हात खाली ठेवले.

तुले मी दगड वाटली. वाटू देल्लं.

इथी आल्यावर दीड महिना बरा गेला. मंग दिवाळीच्या आंधी एका दुपारी मी चहा मांडला. दोघाचा मांडला. उकळल्यावर समजलं. दुसरा कप कुठी ठेवू ते समजेना. दाराले कडी होती, खिडक्या मी सवता लावल्या, आन भितीले तोंड करून बसली.

आपल्या माया हेल काढत तसाच हेल माह्या तोंडातून निंगाला. नाव घेऊन, गुन सांगत. कसा चाले, कसा जेवे, बांबू कसा तोडे, माह्यावर रागावला का उपाशी कसा झोपे आन रातच्याले उठून हंडी कशी खरवडे. आवाज माहा होता का नाई तेबी मले समजेना. चार वाजता तोंड धुतलं. कमला आली तवा मी भाजी निवडत होती आन तिची मस्करी करत होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मंग रोजच. अकरा वाजाची वाट पाहे मी. सिनेमाची पाहाव तशी.

इतवाऱ्याले ते सहन नाई झालं. मी चालू केलं का तो दाराकडे पळे, नखं मारे, कोनाले तरी बलावाले. कोनी येत नाई म्हून वापस येऊन माह्या पायावर बसे. पुन्हा दाराकडे. गादी त्यानंच फाडली, पन तोंड उघडलं नाई. आवाज त्यानं कधीच काढला नाई, एक दिवसबी नाई. तुह्या नाटकातली बाई रडली, तं त्यानं तेच केलं जे तो माह्यासाठी रोज करे. त्याले वाटलं, कोनाले तरी आनलं पायजे.

भैयाजीनं खालून आयकलं, ते मी होती. त्याइच्या मायची झोप मी मोडली. मानसाचा आवाज असा असते हे त्याइले कसं कळन, त्याइच्याकडं कोनी असं रडत नाई. त्याइले वाटलं कुत्रा. आन इतवाऱ्या गेल्यापासून मी रडली नाई, रुखमा, एक डावबी नाई. आता रडली तं सारी कालनी समजन का कोन होतं.

डिसेंबरात ते तिघं जनं दारात आले. भैयाजी मने, "हरिदासजी, एक तं इलाज करा, नाई तं हटवा." हरिदास माह्याकडं वळला. त्याच्या बापावानी उंच हाय, दाराच्या चौकटीले डोकं लागते. मने, "माय, तू घरी असतेस. खरंच दिवसभर हाच रडते का?"

इतवाऱ्या माह्या पायावर बसला होता. गरम आंग. माह्या तोंडाकडे पाहून राह्यला होता.

मी मनलं, हव. हाच रडते.